वाचलेलें कळलें कीं नाहीं?

मुलाला वाचतां येतें असें आपण केव्हां म्हणतों? पुस्तक हातीं देतांच तो न अडखळतां, खणखणीत आवाजांत, पूर्णविरामापाशीं थांबत थांबत पानभर मजकूर म्हणून दाखवूं लागला, म्हणजे घरच्या वडील माणसांस समाधान वाटतें. पाहुणे आले कीं त्याच्याकडून वर्तमानपत्राचा एखादा परिच्छेद वाचवून घेण्यांत येतो आणि त्याला शाबासकी मिळते. त्या शाबासकीस आमची हरकत नाहीं. स्पष्ट उच्चार आणि ओघवतें वाचन कष्टानेंच साधतें, आणि जें कष्टानें साधलें त्याचें कौतुक व्हावें हें योग्यच आहे. परंतु तोंडानें वाचणें आणि मनानें वाचणें हीं दोन निरनिराळीं कामें आहेत. आणि पहिलें उत्तम साधूनहि दुसरें मुळींच साधलेलें नाहीं, असे विद्यार्थी बहुतेक प्रत्येक वर्गांत आढळतात. दुर्दैवाची गोष्ट ही कीं, असा विद्यार्थी वर्षानुवर्षें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. जो अडखळतो त्याच्याकडे शिक्षकांचें लक्ष जातें. जो अडखळत नाहीं त्याच्याविषयीं सर्व निश्चिंत असतात. पुढें सातवी-आठवींत गेल्यावर तो गणिताच्या शाब्दिक उदाहरणापाशीं अडतो, आणि मग सर्वांस वाटतें कीं त्याचें गणित कच्चें आहे. वस्तुतः त्याचें वाचन कच्चें असतें.

धड्याखालचे प्रश्न विचारले असतां ही उणीव उघडकीस यावी अशी आपली अपेक्षा असते. पण तसें होत नाहीं. समजा, धड्यांत एक वाक्य आहे: ‘लुमक्यानें पिंडुळींत तीन गुंबळे ठेवले.’ आतां विचारा: गुंबळे कोणीं ठेवले? किती ठेवले? कोठें ठेवले? तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें बिनचूक येतील आणि पैकीच्या पैकी गुण मिळतील. परंतु लुमका कोण, पिंडुळी कसली आणि गुंबळे खातात कीं पांघरतात, हें उत्तर देणारालाहि ठाऊक नाहीं व विचारणारालाहि नाहीं. कारण हे शब्द आम्हींच येथें बसल्या बसल्या बनविले आहेत. प्रश्नांतला शब्द धड्यांत शोधावयाचा, तो सांपडला कीं त्याच्या शेजारचे शब्द उचलून उत्तरपत्रिकेंत ठेवावयाचे, ही कला हुशार मुलांस फार लवकर अवगत होते. तिला वाचन म्हणतां येणार नाहीं.

मग वाचलेलें कळलें कीं नाहीं हें ओळखावयाचें कसें? गेलीं कित्येक वर्षें आम्ही या कामीं शास्त्राच्या साध्या प्रयोगांचें साहाय्य घेत आलों आहों. प्रयोगशाळेंतील उपकरणें त्यासाठीं लागत नाहींत. पेला, परात, मीठ, हळद, मेणबत्ती आणि एक कागदाची चिठ्ठी एवढें साहित्य पुरतें. त्या चिठ्ठीवर काय करावें तें चार-सहा वाक्यांत लिहिलेलें असतें. मुलांनीं ती मनांतल्या मनांत वाचावयाची, लागतील त्या वस्तु नांवानें मागून घ्यावयाच्या, आणि लिहिल्याप्रमाणें करावयाचें. शिक्षकानें तोंडानें कांहीं सांगावयाचें नाहीं, हा यांतील मुख्य नियम. आणि शिक्षकाच्या दृष्टीनें तो पाळण्यास सर्वांत कठीण, हेंहि येथें नमूद करतों.

एक चिठ्ठी उदाहरणादाखल देतों. ‘कांचेचा एक पेला घ्या. कागदाचा बोळा करून तो पेल्याच्या तळाशीं घट्ट बसवा. पेला उपडा धरा, आणि तो मुळींच कलूं न देतां बादलींतील पाण्यांत पूर्ण बुडवा. तीस अंक मोजा. नंतर पेला तसाच सरळ वर काढा व कागदाला हात लावून पाहा.’ वाक्यें सोपीं आहेत. पांचवीचा कोणताहि विद्यार्थी तीं घडाघडा वाचतो. परंतु चार-चार मुलांचे गट करून ही चिठ्ठी दिली, म्हणजे काय होतें? एक गट पेला उताणाच बुडवितो. दुसऱ्या गटाचा बोळा सैल असल्यामुळें पेला उपडा करतांच तो खालीं पडतो. तिसरा गट सर्व ठीक करतो, पण आंत काय चाललें आहे हें पाहण्याच्या उत्सुकतेनें पेला किंचित् कलता करतो. त्याबरोबर बुडबुडे वर येतात, पाणी आंत शिरतें आणि कागद भिजतो. चौथ्या गटाचा कागद मात्र कोरडा निघतो, आणि तो पाहण्यासाठीं सगळा वर्ग बांक सोडून धांवतो.

येथें जें घडतें तेंच आम्हांस मोलाचें वाटतें. ज्यांचा कागद भिजला तीं मुलें शिक्षकाकडे येत नाहींत. तीं चिठ्ठीकडे जातात. ‘कलूं न देतां असें लिहिलें आहे रे!’ असें कोणीतरी म्हणतो, आणि एरव्हीं एक धडा दोनदां वाचावयास सांगितला तर ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, तींच मुलें तीं पांच वाक्यें तिसऱ्यांदा आणि चौथ्यांदा, शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचतात. भिजलेला कागद रागावत नाहीं, गुण कापीत नाहीं, आणि त्याच्याशीं वाद घालतां येत नाहीं. ‘घट्ट’, ‘उपडा’, ‘मुळींच’, ‘तसाच’ हे शब्द वाक्य सजविण्यासाठीं घातलेले नसून त्यांतील एकेकावर सर्व काम अवलंबून आहे, ही गोष्ट व्याख्यानानें मुलांस पटत नाहीं. ओल्या बोळ्यानें तत्काळ पटते.

जातां जातां एक गोष्ट सांगावीशी वाटते. उभा, आडवा, उपडा, पालथा, उताणा, कलता, तिरपा अशा शब्दांनीं आपली भाषा किती संपन्न आहे! वस्तु कशी ठेवली आहे हें एका शब्दांत सांगण्याची ही सोय पूर्वीं स्वयंपाकघरांत आणि अंगणांत मुलांच्या कानांवरून सहज जात असे. हल्लींच्या शहरी मुलांस यांतील निम्मे शब्द परके झाले आहेत. सगळ्यांस तीं ‘उलटा’ असें एकच नांव देतात. वरील प्रयोग झाल्यावर आम्ही वर्गांत ‘पालथ्या घड्यावर पाणी’ ही म्हण फळ्यावर लिहितों. तिचा अर्थ त्या दिवशीं सांगावा लागत नाहीं.

नामांपेक्षांहि मुलें अधिक चुकतात तीं लहानसान जोडशब्दांत. ‘अंडें पाण्यांत अलगद सोडा. तें तळाशीं गेल्यावर अंडें तरंगूं लागेपर्यंत एकेक चमचा मीठ घालून ढवळा,’ असें लिहिलें असतां पुष्कळ मुलें वाटीभर मीठ एकदम ओततात. अंडें वर येतें खरें, पण ‘किती चमचे लागले?’ या पुढील प्रश्नाला त्यांच्यापाशीं उत्तर राहत नाहीं. ‘-पर्यंत’ हा शब्द त्यांच्या डोळ्यांखालून गेला, मनांत उतरला नाहीं. तसेंच ‘वांचून’, ‘नाहींतर’, ‘इतक्यांत’, ‘तोंवर’, ‘जरी-तरी’ यांचें. मराठी वाक्याचे सांधे असे या शब्दांनीं जोडलेले असतात. सांधा कळला नाहीं तर सुटे शब्द कळूनहि वाक्य कळत नाहीं. (ज्यांच्या घरीं अंडें चालत नाहीं त्यांनीं बटाट्याची फोड घ्यावी, तीहि साध्या पाण्यांत बुडते व पुरेशा खारट पाण्यांत तरंगते.)

हा क्रम उलटा फिरविला म्हणजे याहून अधिक लाभ होतो. एका वर्गानें प्रयोग करून त्याची चिठ्ठी आपल्या शब्दांत लिहावयाची आणि दुसऱ्या वर्गानें ती वाचून, लिहिणारांस कांहीं न विचारतां, प्रयोग करावयाचा. एका विद्यार्थिनीनें लिहिलें होतें, ‘पेल्यांत पाणी घ्या. अंडें घ्या. तें त्यांत सोडा.’ वाचणारांत दोन तट पडले. ‘तें’ म्हणजे अंडें, हें उघड आहे असें एका पक्षाचें म्हणणें. दुसऱ्या पक्षानें अंडें फोडून त्यांत पाणी सोडावयाचें कीं काय अशी शंका काढली, आणि ती व्याकरणदृष्ट्या अगदींच खोटी ठरवितां येईना, कारण पाणी नपुंसकलिंगी व अंडेंहि नपुंसकलिंगीच! अंड्याऐवजीं लाकडी ठोकळा असता तर ‘तो त्यांत सोडा’ असें लिहिलें गेलें असतें आणि घोटाळा झाला नसता. मराठींतील लिंगविचार म्हणजे परीक्षेसाठीं पाठ करण्याची कटकट अशी ज्यांची समजूत होती, त्यांस त्या दिवशीं दिसून आलें कीं सर्वनाम कोणाकडे बोट दाखवीत आहे हें ओळखण्याचें तें साधन आहे. त्यानंतर त्या वर्गांतील मुलांच्या चिठ्ठ्यांत ‘तें’, ‘त्यांत’ हे शब्द कमी झाले आणि वस्तूंचीं नांवें वाढलीं.

पुस्तक वाचावें आणि त्यांतलें हातानें करून पाहावें, ही रीति कांहीं आमची नाहीं. मायकेल फॅरडे याचें नांव आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. तो १७९१ सालीं इंग्लंडांत एका लोहाराच्या घरीं जन्मला. शाळेचें शिक्षण त्याला नांवापुरतेंच मिळालें. चवदाव्या वर्षीं लंडनमधील एका पुस्तकबांधणी करणाराच्या दुकानांत तो उमेदवार म्हणून राहिला, आणि बांधावयास आलेलीं पुस्तकें वाचूं लागला. त्यांत जेन मार्सेट या बाईंचें रसायनशास्त्रावरील संवादरूप पुस्तक त्याच्या हातीं आलें. एक शिक्षिका आणि तिच्या दोन विद्यार्थिनी यांच्या बोलण्यांतून त्यांत विषय समजावून दिला आहे. फॅरडेनें तें नुसतें वाचून मिटलें नाहीं. त्यांत सांगितलेल्या गोष्टी त्यानें आपल्या तुटपुंज्या पैशांत बसतील तेवढ्या प्रयोगांनीं पडताळून पाहिल्या, आणि त्या खऱ्या निघाल्या म्हणून त्या पुस्तकावर त्याचा विश्वास बसला. उतारवयांत स्वतः जगन्मान्य झाल्यावरहि तो त्या बाईंचें ऋण आवर्जून सांगत असे. याच फॅरडेनें १८६० सालच्या नाताळच्या सुटींत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मुलांपुढें एका मेणबत्तीवर सहा व्याख्यानें दिलीं. १८६१ सालीं तीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं आणि अद्यापहि वाचलीं जातात.

मेणबत्तीचा विषय निघाला आहे, तर तिच्याच एका प्रयोगाविषयीं थोडें विस्तारानें लिहितों. कारण वाचनाची जी सर्वांत अवघड पायरी ती मुलांस येथें चढतां येते. कित्येक पुस्तकांतून हा प्रयोग दिलेला असतो. परातींत पाणी घालून मध्यें मेणबत्ती उभी करावी, ती पेटवावी, आणि तिच्यावर कांचेचा उंच पेला उपडा घालावा. थोड्या वेळानें ज्योत विझते आणि पेल्यांत पाणी चढतें. त्याखालीं पुस्तकांत स्पष्टीकरण असतें कीं, हवेंत सुमारें पांचवा हिस्सा प्राणवायु असतो, तो जळून संपला, म्हणून त्याची जागा पाण्यानें घेतली. मुलें हें वाचतात, पाणी चढलेलें पाहतात, आणि पुस्तक खरें ठरलें म्हणून वही मिटतात.

आम्ही मुलांस वही मिटूं देत नाहीं. पुस्तकांतील वाक्यें फळ्यावर लिहून प्रत्येकापुढें एकच प्रश्न मांडतों: हें तुम्हीं पाहिलें, कीं कोणीं सांगितलें? ज्योत विझली, हें पाहिलें. पाणी चढलें, हें पाहिलें. प्राणवायु संपला, हें कोणीं पाहिलें? वर्गांत शांतता पसरते. मग कोणीतरी म्हणतो, ‘पुस्तकांत आहे.’ त्यावर आम्ही एवढेंच सुचवितों कीं, तोच पेला घेऊन आंत एका मेणबत्तीच्या जागीं तीन लावून पाहा. पुस्तकांतील कारण खरें असेल, तर पेला तोच, हवा तेवढीच, प्राणवायूहि तेवढाच. तेव्हां पाणी पहिल्याइतकेंच चढलें पाहिजे. मुलें आपापली अटकळ वहींत लिहितात व प्रयोग करतात. पाणी पहिल्यापेक्षां स्पष्ट दिसेल इतकें अधिक चढतें!

आतां सर्वांचे डोळे उघडलेले असतात, आणि आधीं सुटलेल्या गोष्टी त्यांस दिसूं लागतात. ज्योत नीट जळत असतां पाणी फारसें चढत नाहीं. ती विझत आली व विझली म्हणजे झपाट्यानें चढतें. पेला ज्योतीवर घालतांना त्याच्या कांठाखालून कांहीं वेळां हवेचे बुडबुडे बाहेर पडतात. यावरून खरें कारण मुलांच्याच तोंडून थोड्या आधारानें निघतें: ज्योतीच्या उष्णतेनें आंतली हवा फुगते व तिचा कांहीं भाग बाहेर जातो; ज्योत विझल्यावर उरलेली हवा निवून आक्रसते, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आंत ढकलतो. तीन मेणबत्त्यांनीं हवा अधिक तापते, म्हणून पाणीहि अधिक चढतें. प्राणवायु खर्च होतो हें खरें, पण तो संपत मात्र नाहीं. हवेंत तो शेंकडा २१ भाग असतो; शेंकडा १६ च्या सुमारास उतरला कीं मेणबत्ती विझते. शिवाय जो खर्च होतो त्याच्या मोबदल्यांत जळण्यांतून दुसरा वायु निर्माण होतच असतो.

कांहीं पालकांस अशी शंका येईल कीं, छापील पुस्तकावर अविश्वास दाखविण्यास मुलांस शिकवूं नये. आमचें म्हणणें असें कीं, येथें अविश्वासाचा प्रश्न नसून वाक्यावाक्यांतील भेद ओळखण्याचा आहे. ‘पाणी चढलें’ हें एका जातीचें वाक्य. ‘म्हणून’ या शब्दानें सुरू होणारें वाक्य निराळ्या जातीचें. पहिल्याला डोळे साक्षी आहेत. दुसऱ्याला लिहिणाराची बुद्धि साक्षी आहे, आणि ती चुकूं शकते. ज्याला हा भेद कळत नाहीं तो उद्यां वर्तमानपत्र वाचील, औषधाची जाहिरात वाचील, दूरध्वनीच्या पडद्यावर आलेला कोणाचाहि निरोप वाचील, आणि त्यांतील प्रत्येक ‘म्हणून’ गिळून टाकील. तो घडाघडा वाचतो, हें अशा वेळीं त्याच्या हिताचें ठरत नाहीं.

अशा रीतीनें शिकविण्याचा एक मोठा उद्योग आपल्या शेजारच्या मध्यप्रदेशांत झाला. ज्या जिल्ह्याचें नांव आतां नर्मदापुरम् आहे त्या होशंगाबाद जिल्ह्यांतील १६ शाळांत १९७२ सालीं, रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर आणि किशोर भारती या दोन संस्थांनीं, प्रयोगांतून विज्ञान शिकविण्यास आरंभ केला. पुढें तें काम जिल्ह्यांतील सर्व माध्यमिक वर्गांपर्यंत पोंचलें. त्यांच्या ‘बाल वैज्ञानिक’ या हिंदी पुस्तकांची रचना आम्हांस विशेष आवडते. त्यांत प्रयोग कसा करावा तें आहे, त्यावर प्रश्न आहेत, परंतु उत्तरें नाहींत. तीं मुलानें स्वतः पाहून लिहावयाचीं. असें पुस्तक पाठ करतांच येत नाहीं, तें वाचावेंच लागतें. २००२ सालीं सरकारनें हा कार्यक्रम बंद केला, याचें आम्हांस वाईट वाटतें. मराठी मुलखांत १९२८ सालीं पुण्यास निघालेल्या ‘सृष्टिज्ञान’ मासिकानें शास्त्रीय विषय सुबोध मराठींत आणण्याचें मोठें काम केलें, तेंहि येथें स्मरणीय आहे.

या पद्धतीला वेळ लागतो, हें खरें. साठ मुलांच्या वर्गांत पंधरा गट, पंधरा पेले आणि सांडलेलें पाणी यांची व्यवस्था ठेवणें सोपें नाहीं. आमच्या अनुभवानें पंधरवड्यांतून भाषेचा एक तास यासाठीं दिला तरी पुरे होतें. अभ्यासक्रम मागें पडत नाहीं. दुसरी मर्यादाहि सांगितली पाहिजे. कविता, कथा, चरित्र यांचा अर्थ पाण्यांत मीठ घालून तपासतां येत नाहीं, आणि तसा प्रयत्नहि कोणी करूं नये. पण ज्या मुलाला एकदां शब्दाशीं थांबण्याची संवय लागली, तें मूल कवितेच्या शब्दापाशींहि थांबतें, असें आम्हीं पुष्कळदां पाहिलें आहे.

घरीं हें काम करूं इच्छिणाऱ्या पालकांस आमची एक विनंति आहे. मूल चिठ्ठी वाचीत असतां आपण मध्यें बोलूं नये. त्याचें चुकतें आहे हें दिसत असूनहि गप्प राहणें आईबापांस फार जड जातें. पण तेवढें साधलें तर बाकी सर्व आपोआप होतें. विस्तवाचा प्रयोग असेल तेव्हां मात्र जवळ बसावें, आणि जपून राहण्याची सूचना पेटविण्यापूर्वींच द्यावी.

सुटींत करण्यासाठीं विद्यार्थिमित्रांस एक चिठ्ठी येथें देतों. हिला विस्तव लागत नाहीं.

‘चिमूटभर हळद थोड्या पाण्यांत कालवून पांढऱ्या कागदाच्या एका पट्टीला दोन्ही बाजूंनीं लावा. पट्टी पूर्ण वाळेपर्यंत पुढें कांहीं करूं नका. कपडे धुण्याचा साबण पाण्यांत घोळून त्या पाण्याचा एकच थेंब पट्टीच्या मध्यावर सोडा. रंग पाहा व वहींत लिहा. आतां त्याच डागाच्या अर्ध्या भागावर, उरलेल्या अर्ध्याला न लागेल अशा बेतानें, लिंबाचा रस लावा. दोन्ही भागांचे रंग लिहा. नंतर घरांतील वडील बाईमाणसांस विचारा कीं, हळदीचा डाग साबणानें धुतांना त्यांनीं हा रंग पूर्वीं पाहिला आहे काय, आणि हळदीपासून कुंकू करतांना तींत काय मिसळीत असत.’

लिहितांना पाहिलेलें एका पानावर आणि त्यावरून काढलेलें अनुमान दुसऱ्या पानावर ठेवावें. शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यांत वह्या आम्हांस दाखवाव्या. ज्यांच्या पट्टीवर अर्धा डाग लाल व अर्धा पिवळा असा स्पष्ट उतरला असेल, त्यांनीं पट्टीहि बरोबर आणावी.